अप्पांच्या डब्यातलं ऑइल

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांचा माल वाहणाऱ्या आमच्या ट्रकचं वापरलेलं इंजिन ऑइल मी लॅबमध्ये तपासून घेतलं. रिपोर्ट आला: ऑइलमध्ये लोखंडाचे कण वाढलेत, इंजिन झिजतंय, दुसरं, चांगल्या प्रतीचं ऑइल वापरा. पण माझे वडील, अप्पा, जन्मभर एकच ऑइल वापरत आलेले. त्यांच्याशी हुज्जत कोण घालणार! मी नवं ऑइल गुपचूप त्यांच्याच जुन्या डब्यात ओतून ठेवलं.

खंडेनवमीला अप्पांनी ट्रकबरोबर त्या डब्याचीही पूजा केली. मग एक थेंब बोटांवर चोळून पाहिला.

"आपल्या ऑइलला तोड नाही. लॅब काय म्हणाली?"

"हेच म्हणाली, अप्पा."

खूश होऊन ते उरलेलं कुंकू मला लावायला आले. माझी मान त्यांनाच हनुवटी धरून वर करावी लागली.