ओल्या भिंतींची गोधडी

आमच्या गल्लीवरून कावळे सरळ उडत नसत, वळसा घालून जात. डोळे दिपायचे त्यांचे. हे मी बेळगावला माहेरी सांगितलं तर आईने विश्वास ठेवला नाही, आणि ती माझं निम्मं तरी नेहमी खरं धरायची. पण लग्न होऊन बेंगळूरला आले, जटक्यातून, म्हणजे इथल्या टांग्यातून, उतरले आणि समोर बघून माझ्या डोक्यावरचा पदर आपोआप खाली आला, हे पुरतं खरं आहे. नव्या नवरीने मान वर करू नये म्हणतात. मी केली ती किती तरी वेळ खाली आलीच नाही.

शिवाजीनगरच्या बाजारामागची चिंचोळी गल्ली. एकमेकांना खेटलेली बसकी घरं. एक निळं, शेजारी गुलाबी, मग पिवळं, मग पोपटी, आणि टोकाला आमचं जांभळट. ते तसं का, तर सासऱ्यांनी एका दसऱ्याला चुन्याच्या बादलीत नीळ आणि गेरू दोन्ही ओतले, आणि चुकलं म्हणण्याऐवजी हाच आमच्या घराण्याचा रंग असं जाहीर केलं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आले होते. तो घोडा सासऱ्यांच्या तोंडी दरवर्षी वीतभर उंच व्हायचा, त्या मानाने रंगाची थाप लहानच.

नवे पैसे चालू झाले त्या सुमारास माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा रेल्वेत, पार उत्तरेला, कुठल्याशा जंक्शनवर. मुलाच्या मामांनी तिथल्या क्वार्टरांचा फोटो दाखवला. पांढऱ्या घरांची रांग, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. 'हे तुमचं,' म्हणून मामांनी बोट ठेवलं. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा विचारलं तर बोट दुसऱ्याच घरावर.

नणंद हसली नाही. लहानपणी ती बाजारात हरवली होती. नाव विचारलं तर सांगता येईना, नुसतं 'जांभळं घर, जांभळं घर' म्हणत राहिली, आणि एका फुलवालीने तिला अचूक दारात आणून सोडलं. अख्ख्या बेंगळुरात तसलं घर दुसरं नव्हतंच.

"वैनी," ती मला परसात म्हणाली, "तिथे हरवले तर काय सांगू गे? पांढरं घर?"

मी तिची थट्टा करायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं. तेव्हापासून तिचं जेवणच उडालं. ताटात भात चिवडायची नुसती. सासूबाई दोन दिवस ते बघत राहिल्या, तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. गल्लीच बांधून देते तुला. पांघरून जा."

गोधडी शिवणं आमच्या बेळगावकडचं. काठापासून सुरुवात करून आत आत शिवत जायचं, ते माझ्याकडे आलं. रंग सासूबाईंकडे. प्रत्येक घराचा एक चौकोन: खाली भिंत, वर कौलांचा त्रिकोण, मधे दार. आणि चिंधी ज्या त्या घरातली. ही बातमी गल्लीत पसरली मात्र, आमच्या ओट्यावर चिंध्यांचा डोंगर झाला. एवढा, की मांजर त्यात शिरलं ते संक्रांतीला बाहेर आलं.

निळ्या घरातल्या अज्जी आपल्या इरकलीचा तुकडा घेऊन आल्या आणि बजावून गेल्या, "माझं घर उशाशी लाव. पायाशी लावलंस तर बघ. या वयात मी कुणाच्या पायाशी बसणार नाही."

पोपटी घर शिंपीमामांचं. ते छावणीतल्या बँडवाल्यांचे कोट शिवत. त्यांनी कोटाचं हिरवंगार कापड आणलं. माझी सुई त्यात अर्धी जाऊन थांबली.

"मामा, हे कापड आहे की पत्रा?"

"तुझी सुई नाजूक, त्याला मी काय करू? हे कापड माझ्या मागे राहील. तुझ्याही मागे राहील."

दसरा तोंडावर होता, सगळी गल्ली चुना कालवत होती. सासूबाईंचा नियम एकच. रंग बघायचा तो कुंचला फिरला की लगेच. ओल्या भिंतीशी चिंधी धरायची, डोळे बारीक करायचे, जुळली तर घ्यायची.

मी म्हटलं, "वाळू दे की भिंत. मग बघू."

"स्वल्प अक्कल चालव. दूध धारेलाच बघतात ना? वाळली की धूळ बसली, धूळ बसली की रंग गेला."

नवीन सून काय बोलणार. शिवाय खरं सांगते, त्या ओल्या भिंती बघून बोलायचं सुचतच नसे. निळा असा की आत हात घातला तर कोपरापर्यंत बुडेल. पिवळ्या घरासमोरून गेलं की अंगाला हळद लागल्यासारखं वाटायचं. त्यात त्या वर्षी परतीचा पाऊस इतका रेंगाळला की भिंती वाळेचनात. नुसते मासे लागायचे राहिले होते त्यांना. इकडे आम्ही झपाट्याने शिवत गेलो. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी गोधडीचं पोट भरायचं असतं, उपाशी गोधडी ऊब देत नाही. चिमूटभर तांदूळ पुरतात. सासूबाईंनी अख्खी पुरणपोळी घातली. पुढे त्या पोळीसाठी बेंगळूरपासून जंक्शनपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, असं मी सांगते. जावई मात्र आगगाडीच्या डब्यापुरतीच होती म्हणतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी लख्ख ऊन पडलं. गोधडी समोरच्या दोरीवर टाकली, सगळे बघायला जमले. भिंती वाळल्या होत्या. चुन्याचा रंग वाळला की चार पायऱ्या खाली उतरतो. समोर दुधात कालवलेली निळी, फिकी गुलाबी, साय धरल्यासारखी पिवळी. आणि दोरीवर आमची गल्ली पेटल्यासारखी.

अज्जी दोन्हीकडे बघून म्हणाल्या, "ही कुठली गल्ली गे?"

नणंदेने गोधडी उतरवली, नीट चौघडी घातली आणि पेटीत ठेवली. सासूबाई वरात निघेपर्यंत ताठ होत्या. गाडी गेल्यावर ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीला मी दुसऱ्याचीच गल्ली बांधून दिली." नंतर कित्येक दिवस त्या दारातून समोर बघत नव्हत्या. भिंतींकडे पाठ करून तांदूळ निवडायच्या.

दोन उन्हाळे गेले आणि नणंद पहिल्या बाळंतपणाला आली. पोट सांभाळत, एका हाताने गोधडीचं गाठोडं धरून. बसता बसता सांगायला लागली. तिकडे गेल्यावर पहिल्याच सकाळी तिने गोधडी कुंपणाच्या भिंतीवर टाकली, ती रोजची. गोधडी बघून दूधवाला थांबे, पोस्टमन थांबे.

"आणि तुझे अहो?" मी विचारलं.

"तेच तर. रात्रपाळी करून सकाळी येताना आधी शेजारच्यांच्या दारात उभे राहायचे. आता गोधडी बघून वळतात. सगळी लाइनच आता 'गोधडीच्या पुढे तिसरं' असाच पत्ता सांगते. मी एकदाही हरवले नाही, आई."

तिने गाठ सोडली. सासूबाईंनी बघितलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. तिकडच्या उन्हाने रंग पिऊन टाकले होते. "सगळा जीव गेला गे त्यातला," त्या म्हणाल्या.

"स्वल्प बाहेर ये," नणंद म्हणाली.

मी गोधडी त्याच दोरीवर टाकली. आणि मग जे झालं ते मी कधीच वाढवून सांगत नाही, कारण त्यात वाढवायला जागाच नाही. दोरीवर दुधात कालवलेली निळी. तिच्यामागे, तीच, अज्जींची भिंत. फिका गुलाबी आणि फिका गुलाबी. सायीचा पिवळा, आणि सायीचा पिवळा. टोकाला आमचा चुकलेला जांभळट, दोन्हीकडे सारखाच चुकलेला. वारा आला की कापडाची गल्ली हलायची, आणि वाटायचं आता चुन्याचीही हलेल. अज्जींना तेव्हा फारसं दिसत नव्हतं. त्यांनी एक हात गोधडीवर ठेवला, एक आपल्या भिंतीवर, आणि तशाच उभ्या राहिल्या. रस्त्याने जाणारा जटकेवाला घोडा थांबवून बघत राहिला. घोडापण बघत होता. यात थाप नाही.

सासूबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, भिंतींकडे तोंड करून.

"एक चुकलंय," अखेर त्या म्हणाल्या.

शिंपीमामांचं घर. बँडच्या कोटाचं कापड उन्हाने तसूभर हललं नव्हतं. सगळ्या मऊ रंगांत तो एक चौकोन हिरवागार, कडक, सलाम ठोकून उभा. मामांनी दोरीकडे बघितलं, आपल्या फिक्या पोपटी भिंतीकडे बघितलं, आणि वाद न घालता आत जाऊन बादली घेऊन आले.

"मामा, दसऱ्याला वेळ आहे," मी म्हटलं.

"पोरगी तोपर्यंत थांबणार आहे का? जाताना तिने बरोबर गल्ली न्यायला नको?"

त्यांनी इतका हिरवा कालवला की त्या भिंतीला टेकलेला माणूस पुढे महिनाभर हिरवा हिंडे. पहिला हात झाल्यावर त्यांनी विचारलं, "जुळला?" सासूबाईंनी नाही अशी मान हलवली. त्या समोरच्या ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसल्या. ऊन सरकत होतं, रंग उतरत होता. त्या मधूनच उठत, भिंतीवर तळवा टेकत आणि हिरवा हात पदराला पुसून परत येऊन बसत.

"आता?" मामा विचारत.

"ओली आहे अजून," त्या म्हणत. "बसा स्वल्प."