दाराची दुसरी फळी

ज्वारीच्या पिठावर कढत पाणी पडलं की जो वास येतो, तो मला अजून थेरगावच्या आमच्या खोलीत नेऊन बसवतो. मी तेव्हा सोळा वर्षांची. कारखान्यात लागलेल्या, एकट्या राहणाऱ्या पोरांना आई आणि मी रविवारी स्वयंपाक शिकवायचो. त्या दिवशी भाकरी होती, म्हणून वडील, आमचे अण्णा, परातीपुढे बसले. त्यांच्यासारखी भाकरी आईलाही जमायची नाही.

लेथवर काम करणाऱ्या एकानं आपली भाकरी चक्क कॅलिपरनं मोजली. "अण्णा, कड जाड झाली."

"मापाला नको, बोटांना कळू दे," अण्णा म्हणाले.

शेजारच्या काकू दारात थबकल्या. "बायकांची कामं बाप्यांना शिकवताय? दार तरी लावून घ्या."

मी दार लावायला उठले. थापता थापताच अण्णा म्हणाले, "बस खाली. चोरी करतोय का आपण?" आणि आईनं जाऊन दाराची दुसरी फळीही उघडली.

मला तेव्हा काकूंचा राग आला होता, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं तर लाज अण्णांची वाटली होती. आज माझ्या स्वयंपाकाच्या वर्गाचं दार थेट रस्त्यावर उघडतं. त्याला मी कडी बसवलेली नाही.