नाव न छापलेला जॉकी

पन्नासच्या दशकात मी एका मराठी दैनिकात रेसच्या बातम्या लिहीत असे. घोड्यांतलं मला फार कळत होतं अशातला भाग नाही. आधीचा माणूस सोडून गेला आणि संपादकांची नजर माझ्यावर पडली, इतकंच. राहायला अंधेरीला, चाळीत. शेजारच्या खोलीत एक जॉकी राहायचा, मालवणकडचा, माझ्याच वयाचा. भर दुपारच्या उन्हात अंगात दोन लोकरी स्वेटर चढवून तो मरोळच्या रस्त्यानं पळत सुटे, घाम गाळून वजन उतरवायला. जेवायला अर्धी भाकरी. त्याच्या बायकोनं केलेलं माशाचं कालवण त्याच्यापेक्षा माझ्याच पोटात जास्त जायचं.

एका शनिवारी, अख्ख्या रेसकोर्सचा ज्याच्यावर भरवसा होता तो घोडा शेवटच्या वळणानंतर मागे पडला. मी दुर्बिणीतून पाहत होतो. घोड्यावर दुसराच एक जॉकी होता, त्यानं लगाम खेचून धरला होता. निदान मला तसं दिसलं. लोकांनी आरडाओरडा केला, पण चौकशीत काही निघालं नाही. माझं डोकंच फिरलं. उघड उघड लबाडी आणि सगळे गप्प! मी तावातावानं लिहायला बसलो.

अब्रुनुकसानीच्या दाव्याची आमच्या कचेरीत फार धास्ती. त्यामुळे एक रीत पडून गेली होती. संशय छापायचा, नाव गाळायचं आणि माणूस कुठं राहतो तेवढं लिहायचं. जाणकार ओळखतात, आणि कोर्टात आपण हात वर करायला मोकळे. मी घोडा गाळला, शर्यत गाळली आणि लिहिलं, ‘अंधेरीत राहणारा एक जॉकी घोडे हरण्यासाठीच चालवतो, अशी कुजबुज आहे.’ माझ्या मनात होता तो जॉकी अंधेरीतल्याच एका बंगल्यात राहत होता. भिंतीपलीकडचा माणूसही अंधेरीचाच जॉकी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या लेखी तो शेजारी होता. शेजारी कधी बातमीत येतो का?

आठवड्याभरात त्याला घोडे मिळेनासे झाले. ट्रेनरनं खरं-खोटं विचारलंही नाही, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी बातमीचं कात्रण घेऊन तो माझ्या दारात उभा.

“असां कसां लिवलंस रे?”

“अरे, ते तुझ्याबद्दल नाही. दुसरा आहे तो,” मी म्हणालो.

“मग तेवढंच छाप ना! मी नाही, एवढंच. दोन ओळी.”

मला ते सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी संपादकांकडे गेलो. त्यांनी वकिलाला बोलावून घेतलं.

“अंधेरीत जॉकी किती?” वकिलानं मला विचारलं.

“दोनच.”

“मग हा नाही म्हटलंत की दुसऱ्याचं नाव छापल्यासारखंच झालं. तो दावा लावणार. त्यानं लगाम खेचला हे शपथेवर सांगाल?”

लिहिताना जी खात्री होती, ती शपथ म्हटल्याबरोबर कुठं पळाली कोण जाणे. खुलासा छापला गेला नाही. त्यासाठी नोकरीवर पाणी सोडायची धमक माझ्यात नव्हती, हेही सांगून टाकतो.

हे त्याला सांगायला मला दोन दिवस लागले. तो चिडेल असं वाटलं होतं. तो गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा राहिला.

“नाव छापायचं होतंस रे,” तो म्हणाला. “त्याचं छापलं असतंस तर मी सुटलो असतो. माझं छापलं असतंस तर तुझ्याशी भांडलो तरी असतो. आता भांडू कोणाशी?”

महिन्याभरानं एका दुपारी त्यानं मला हाक मारली. त्याची पळायला जायची वेळ होती, पण दोन्ही स्वेटर खुंटीला होते. ताटात भाताचा हा एवढा ढीग, वर कालवण. इतकं जेवण त्याच्या पुढ्यात मी कधी पाहिलं नव्हतं.

“बस, जेव,” तो म्हणाला. “आता वजन कोणासाठी राखू?”

त्याच्या बायकोनं मलाही वाढलं. मी बसलो, आणि जेवलोसुद्धा. त्या जेवणाची लाज अजून गेलेली नाही.