मालनाक्कानं न बघितलेली मॅच

निपाणीच्या प्रज्ञेशला देशातल्या सगळ्यांत वरच्या फुटबॉल लीगमधल्या एका संघानं घेतलं आणि हंगामभर राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवलं. त्याची आई मालनाक्का तंबाखूच्या वखारीतून आली की टीव्हीपुढे बसायची. कॅमेरा बाकाकडे वळला की पुढे सरकायची.

“पोरगं पाणी वाटायला हाय व्हय गं तिथं?” शेजारीण विचारायची.

आईचं हे वाट बघणं प्रज्ञेशला सोसेना. शेवटच्या मॅचदिवशी त्यानंच फोन केला. “आज बी खेळवणार न्हाईत. उगंच टीव्हीपुढं बसू नको. कोगनोळीला मावशीकडं बारशाला जा.”

ती गेली. त्या संध्याकाळी एक खेळाडू जखमी झाला आणि प्रज्ञेश मैदानात उतरला. पुढच्या हंगामात त्याला कुणीच घेतलं नाही.

आता तो बेळगावात, अनगोळला मुलांना फुटबॉल शिकवतो. परवा घरी आल्यावर त्यानं मोबाइलवर ती मॅच लावली. मालनाक्कानं ती शेवटपर्यंत बघितली.

“लई चांगला खेळलास रं,” ती म्हणाली. “पर आता तू मैदानात येणार हे म्हाईत हुतं. मला म्हाईत नसताना बघायचं हुतं.”