ताईचा शेवटचा बॉल

काल मुलीसाठी नवा बास्केटबॉल आणला आणि पिशवी उघडताच त्या कोऱ्या रबराच्या वासाने मला थेट विक्रोळीतल्या आमच्या कॉलनीच्या कोर्टवर नेऊन उभं केलं. ताई मला फ्री थ्रो शिकवत होती. "कोपर आत घे गं! आणि बॉल सुटला तरी हात लगेच खाली आणू नकोस." तिथे खेळणाऱ्या सगळ्यांचा एक नियम होता, शेवटचा बॉल बास्केटमध्ये गेल्याशिवाय घरी जायचं नाही. त्या संध्याकाळी माझा गेला. तिचा रिंगला लागून बाहेर पडला. ती पुन्हा रेषेवर आली, पण तिचं अंग तापाने फणफणलं होतं. आईने गॅलरीतून हाक मारली. "जाऊ दे यार, उद्या टाकते," म्हणत तिने बॉल माझ्या हातात दिला. त्याच तापात ती गेली. काल मुलगी खेळून वर गेल्यावर मी आमच्या सोसायटीच्या कोर्टवर एकटीच थांबले आणि ताईच्या नावाने एक बॉल टाकला. सरळ जाळीतून गेला. तरी पाय निघेना. गेला तो माझा होता. तिचा अजून बाकी आहे.