प्युअर वूलची लेबलं

माझी बायको जाऊन दीड वर्ष झालं. लोक सांगतात, दिवस गेले की दुःख कमी होतं. सांगणाऱ्यांच्या बायका घरी आहेत. माझं दुःख आहे तेवढंच आहे, राग मात्र वाढलाय. सातवी शिकलेला माणूस आहे मी, जमेल तसं लिहितो.

ती स्वेटर विणायची. येरवड्यात आमच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत तिची खुर्ची. नव्वदनंतर पेपरात रोज छापून यायचं की देशाची दारं उघडली. त्याच सुमारास माझ्या कंपनीच्या दाराला कुलूप लागलं. मी घरी बसलो आणि घर तिच्या दोन सुयांवर चाललं.

नवी लोकर परवडत नव्हती. ती बुधवारी जुन्या बाजारात जायची आणि परदेशातून आलेले वापरलेले स्वेटर निवडायची. आधी उलटा करून शिवण बघायची. कापून शिवलेला असला तर ठेवून द्यायची, कारण तो उसवला की हातात नुसते तुकडे येतात. मग कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवायची. लोकर असली तर केस जळल्यासारखा वास येतो, काडी बाजूला घेतली की विझते आणि राख बोटात चुरते. प्लॅस्टिक असलं तर वितळून त्याचा कडक मणी होतो. विकणारे वैतागायचे. एक जण म्हणाला, "बाई, एक दिवस बाजार पेटवाल." ती म्हणाली, "लोकर ठेवा, पेटणार नाही."

घरी आणलेला स्वेटर उसवायचा, खुर्ची उलटी करून तिच्या चार पायांवर धागा गुंडाळायचा, ती लड रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सावलीत टांगायची आणि धाग्यातल्या वळ्या जाव्यात म्हणून खाली वजन अडकवायचं. एका मोठ्या स्वेटरात दोन पोरांचे स्वेटर निघायचे. ते पोरांना लहान झाले की लोक परत तिच्याकडेच आणायचे. ती परत उसवायची. आज माझ्या पोराच्या ऑफिसात यासाठी मोठमोठे शब्द आहेत. ती याला काम म्हणायची.

मग बाजारात अ‍ॅक्रिलिक आलं. भडक रंग, फुलासारखं हलकं, लोकरीपेक्षा कितीतरी स्वस्त. गिऱ्हाइकं तिकडं वळली. एकदा मी तिला न सांगता अ‍ॅक्रिलिकचे गुंडे आणले. शनिवार पेठेतल्या एका बाईंची नातवासाठी ऑर्डर होती. बायकोला ताप होता, विणकाम अडलं होतं, म्हणून मी ते गुंडे शेजारणीला देऊन स्वेटर विणून घेतला. बाई न्यायला आल्या तेव्हा लोकरीचा आहे म्हणून सांगितलं. बायको आतून उठून आली. स्वेटरला हात लावला आणि तिला कळलं. बाईंच्या समोर तिनं काडी ओढली.

बाई मणी बघून म्हणाल्या, "म्हणजे नातवाला मी कॅरीबॅग घालणार होते तर." आणि गेल्या. परत कधी आल्या नाहीत.

मी बायकोवर ओरडलो. म्हटलं, ऊब येते ना? घालणाऱ्याला काय फरक पडतो? ती फक्त एवढंच म्हणाली, "अहो, माझ्या हातचं म्हणून खोटं नका विकू." नंतर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी माफी मागितली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आता कुणाची मागू?

आता पोराचं सांगतो. तो हिंजवडीला इंजिनीअर आहे. त्यांच्याकडं एक दिवस पर्यावरणाचा असतो. गेल्या वेळी सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वितळवून केलेलं जाकीट वाटलं, पाठीवर हिरवं पान छापलेलं. धुतलं की बादलीत बारीक बारीक तंतू तरंगतात. ते पाणी गटारात, गटार नदीत. मी त्याला म्हटलं, बाटली अंगावर घातली म्हणून ती बाटली राहत नाही का? तो हसला. आईचं कपाट उघडलं असतं तर त्याला कळलं असतं. वीस-वीस वर्षं टिकलेले स्वेटर आहेत त्यात.

तिला जाऊन वर्ष झालं तेव्हा बुद्धविहारात पुण्यानुमोदन ठेवलं होतं. पोरानं ठरवलं, आईच्या नावानं थंडीसाठी ब्लँकेटं वाटायची. मला बरं वाटलं. तीन दिवस आधी गठ्ठे आले. त्यानं एक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. "बाबा, आईच्या नावाला शोभेल असंच आणलंय. प्युअर वूल. मुद्दाम शोधून मागवलंय." कोपऱ्यात तसं लेबलही होतं.

मी कडेचा धागा ओढला आणि गॅसपाशी गेलो. सुनेला कळेना काय चाललंय. पोराला कळलं, लहानपणी बघितलेलं होतं. मणी झाला.

त्यानं गॅस बंद केला. मग म्हणाला, "बाबा, ऊब येते ना? घेणाऱ्याला काय फरक पडतो?"

मी त्याला मारायला हात उचलला. चाळीस वर्षांच्या पोराला. तो शब्द माझा होता, माझ्याच घरात शिकला असणार. हात खाली घेतला आणि म्हटलं, हे तिच्या नावानं जाणार नाही. तो म्हणाला, बदलून यायला आठवडा लागेल, तीन दिवसांत पन्नास लोकरीची आणू कुठून? आणि लोकांना सांगून झालंय, ते थंडीत बसलेत. त्याचं हेही खरं होतं, त्याचा मला जास्त राग आला.

शेवटी म्हटलं, लेबलं काप. तो म्हणाला, लेबलाकडं कोण बघतं? मी कात्री घेऊन बसलो. कात्रीची सवय नाही, दोन-तीन ब्लँकेटांना भोकं पडली. तेव्हा सून शेजारी येऊन बसली, तिनं दुसरी कात्री घेतली. पोरगा उशिरा बसला. तिघांनी मिळून सगळी लेबलं काढली.

विहारासमोर रांग लागली. पोरगा ब्लँकेट द्यायचा, मी प्रत्येकाला सांगायचो, हे लोकरीचं नाही, शेकोटीजवळ पांघरून बसू नका, वितळून अंगाला चिकटतं. पोराची मान खाली. त्याच्या ऑफिसातली चारजणं फोटो काढायला आली होती, त्यांनी फोन खिशात ठेवले. बांधकामावर काम करणारी एक बाई म्हणाली, "बाबा, मग घेऊ का नको?"

म्हटलं, घ्या. फक्त कुणी विचारलं तर लोकर आहे म्हणू नका.

"आमाला कोण विचारतंय," ती म्हणाली आणि ब्लँकेट डोक्यावर घेऊन गेली.

परत येताना पोरगा गाडी चालवत होता. बंडगार्डनच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं तेव्हा म्हणाला, पुढच्या वर्षी पाचच देऊ, पण खऱ्या लोकरीची. कुठं मिळतील, बाबा?

मी म्हटलं, "धनगरांच्या मेंढ्या बसायच्या त्या माळावर तुझं ऑफिस आहे. तिथंच विचार."