नुसती फुली मारून चालत नाही

आज एकाने लॉग-ऑफ केलं नाही, त्याची किंमत म्हणजे सलीमभाईंच्या कोळंबीचं जहाज चुकलं.

मंडळी, परदेशी जाणाऱ्या मालाचे कस्टमचे कागद करणाऱ्या पनवेलच्या आमच्या क्लिअरिंग ऑफिसात सगळं काम क्लाउडवरच्या डेस्कटॉपवर चालतं. एका वेळी चौघांनाच आत जाता येतं. दुपारी नीलेश काम आटोपून बाहेर गेला, पण त्याची जागा अडकलेलीच. सलीमभाईंचे कागद भरायला सुनीताला आत शिरता येईना. नीलेशचा फोन बंद, सपोर्टवाला उचलेना.

परत आल्यावर नीलेश म्हणतो, "साहेब, मी स्क्रीनच्या कोपऱ्यातली फुली मारून बंद केलं होतं!"

"नुसतं शटर ओढलंस रे. आतलं गिऱ्हाईक तसंच बसलंय."

शिस्तीच्या बाबतीत मी कोणाची गय करत नाही. सगळ्यांसमोर स्पीकर लावून त्यालाच सलीमभाईंना फोन करायला लावला.

"वा नीलेशमियाँ! आता माझी कोळंबी पाठीवर घ्या आणि दुबईपर्यंत पोहत जा!"

त्याचा उतरलेला चेहरा बघून मला भारी बरं वाटलं. उद्यापासून जो लॉग-ऑफ करणार नाही, तोच गिऱ्हाइकाचं ऐकून घेणार. बरोबर केलं ना?

आत्ताच सपोर्टवाल्याचा फोन आला. दुपारी दोन जागा रिकाम्या अडकल्या होत्या. दुसरी माझी होती.